बाईंची गोळी: व्हायरलनंतरची धडधड, आणि ती गोळी थांबवायची कधी

पेशंटची परवानगी घेऊन लिहितोय, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. मी कऱ्हाडच्या बाजूला जनरल प्रॅक्टिस करतो, हार्ट स्पेशालिस्ट नाही. यात दोन चुका माझ्या आहेत, त्या पण जशाच्या तशा लिहितोय.

पेशंट ३८ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा पाटण तालुक्यात एका वाडीवर, एसटीतून उतरलं की वीस मिनिटं चढ. आधी त्या आमच्याच गावात शिकवायच्या, माझा पोरगा त्यांच्या हाताखालून गेलाय, त्यामुळं मी त्यांना बाईच म्हणतो. दवाखान्यात कधी स्वतःसाठी आलेल्या आठवत नाहीत, यायच्या त्या सासऱ्यांना घेऊन नाहीतर पोराला घेऊन.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट होती तेव्हा घरातल्या सगळ्यांना कोविड झाला. बाईंना तीन दिवस ताप, घसा, अंगदुखी, बस्स. ऑक्सिजन कधी ९७ च्या खाली गेला नाही. सात दिवस घरात काढले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला शाळेत हजर. तिथं पहिल्याच दिवशी चढाच्या मध्यावर दगडावर बसावं लागलं, छातीत धडधड, हातपाय गार. वर्गात फळ्यावर लिहिताना डोळ्यापुढं अंधारी. दुसऱ्या लाटेपासून घराघरात ऑक्सिमीटर आहेतच, ते बोटाला लावलं तर पल्स १३८. मिस्टर म्हणाले मशीनचे सेल गेले असतील. सेल बदलले, तरी तेवढीच.

माझ्याकडे आल्या तेव्हा आडवं झोपवून पाच मिनिटांनी पल्स ९२, मग भिंतीपाशी उभं केलं, बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, दर दोन मिनिटांनी मोजत गेलो, दहाव्या मिनिटाला १३१. बीपी झोपून १०८/७०, उभं राहून १०४/७२, म्हणजे बीपी पडत नव्हता, नुसती पल्सच पळत होती. ही टेस्ट फुकट आहे आणि दहा मिनिटात होते, तरी आम्ही डॉक्टर लोक ती करत नाही कारण ओपीडीत दहा मिनिटं कुणाकडं असतात.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायात उतरतं. नॉर्मल माणसाच्या शिरा आवळल्या जातात, पल्स दहावीसने वाढते आणि विषय संपतो. व्हायरलनंतर काही जणांचं हे आवळण्याचं काम ढिलं पडतं, त्यात आजारपणात पडून राहिल्यानं अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, मग सगळा भार पल्सवर येतो. दहा मिनिटांत ३० किंवा जास्त ठोके वाढत असतील, बीपी पडत नसेल आणि त्रास तीन महिने टिकला असेल तर त्याला पॉट्स म्हणतात. बाईंना तेव्हा तीन आठवडे पण नव्हते झाले, म्हणून मी काही नाव लावलं नाही. आणि हे कोविडनं नवीन आणलंय असंही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर दा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं १८७१ मध्ये जे लिहिलंय त्यात ताप नाहीतर जुलाब होऊन गेल्यावर धडधड मागं लागलेले बरेच जण आहेत.

बाकी तपासण्या. ईसीजीत ठोके जास्त पण लय नीट. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगतं) आणि डी-डायमर (रक्ताची गुठळी झाली असेल का ते बघायला) नॉर्मल, टीएसएच २.४ (व्हायरलनंतर थायरॉइडला सूज येऊन पण धडधड होते, ते बघावंच लागतं). टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची खूण नाही. हिमोग्लोबिन ११.१, जरा कमीच. या ११.१ वर मी तेव्हा बोट ठेवून पुढं गेलो, मनात म्हणलं आपल्याकडच्या बायकांचं असंच असतं. ही माझी पहिली चूक.

कार्डिओलॉजिस्टकडं पाठवलं, त्यांनी २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं मशीन, अंगावर लावला, दिवसरात्र मिळून सरासरी ९७ आली. ९० च्या वर सरासरी आणि सोबत त्रास, म्हणजे औषध द्यायला कारण होतं. मेटोप्रोलोल चालू केलं, पल्स कमी करणारी, पोटात हळूहळू सुटणारी गोळी, आधी २५ एमजी, आठवड्यानं ५०. बीपी तसा कमीच होता म्हणून पुढं चक्कर वाढली तर इवाब्राडिन देऊ असं ते बोलले होते, ते बीपीला हात न लावता नुसती पल्स कमी करतं, फक्त काहींना डोळ्यापुढं लख्ख उजेड चमकल्यासारखा दिसतो आणि गरोदरपणात ते चालत नाही. ती वेळ आली नाही. दहा दिवसांत पल्स सत्तरीत, चढ दोन थांब्यांत पार. सगळे खूष. गोळी किती दिवस हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, मी पण नाही. ही दुसरी चूक, आणि खरं सांगायचं तर पहिलीपेक्षा मोठी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

मे महिन्यात सुट्टीत बाई माहेरी गेल्या. पल्स ७०, तब्येत छान, मग कशाला गोळी खायची म्हणून एक दिवस बंद केली, ५० वरून थेट शून्य. त्यांची काही चूक म्हणता येत नाही, आपण ताप उतरला की क्रोसीन बंदच करतो की. दुसऱ्या रात्री झोपेतून दचकून उठल्या, आडव्या पडल्या पडल्या पल्स १२६, घाम, घरातले घाबरले, रात्री दीडला गाडी काढून जवळच्या तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टीत. तिथं ईसीजी काढला, लय नीटच होती, गोळी परत चालू करून दिली आणि कागदावर लिहिलं, गोळी बंद करू नये.

आता हे वाक्य त्या रात्रीपुरतं बरोबर होतं. पण बाईंनी ते जन्माचं मानलं, आणि घरानं पण. जून ते ऑगस्ट त्या गोळीवरच. पर्समध्ये एक स्ट्रिप, शाळेच्या कपाटात एक, माहेरी एक. मिस्टरांचं म्हणणं आता काय, बीपीवाल्यांसारखं समजायचं आणि खायची.

ऑगस्टमध्ये त्या वेगळ्याच कारणासाठी आल्या, थकवा आणि केस गळणं. तेव्हा मी सगळी फाइल पुढं घेऊन बसलो आणि मे महिन्याच्या त्या कागदावर अडकलो. तारखा बघितल्या, गोळी थांबवल्यावर दुसऱ्या रात्री त्रास. आजार परत यायला एवढा वेळेचा पक्का नसतो, हे गोळीचंच काम वाटलं.

ही गोळी काय करते, ॲड्रेनलिन ओरडत असतं आणि ही हृदयाच्या कानात बोळे घालते. हृदय शांत होतं. पण महिनोन्महिने नीट ऐकू येत नाही म्हणल्यावर शरीर हृदयाला आणखी कान फोडतं. मग एके दिवशी सगळे बोळे एकदम ओढून काढले की साधं बोललेलं पण किंचाळल्यासारखं ऐकू येतं. दोनचार दिवस, काहींना आठवडा दोन आठवडे. प्रोप्रानोलोल या जुन्या भावंडाच्या बाबतीत हे १९७० च्या दशकातच लक्षात आलेलं, म्हणूनच एक ते दोन आठवड्यांत हळूहळू कमी करा असं मेटोप्रोलोलच्या माहितीपत्रकात पण असतं. ते माहितीपत्रक वाचतं कोण, ते सोडा.

म्हणजे बाईंना दोन आकड्यांनी फसवलं होतं. गोळीवरचा ७० हा आकडा म्हणत होता तू बरी झालीस, आणि गोळी सोडल्यावरचा १२६ म्हणत होता तू अजिबात बरी नाहीस. दोन्ही आकडे गोळीचेच होते. आजार गेलाय का राहिलाय याबद्दल दोघांनाही काही माहिती नव्हतं.

थकवा आणि केसांसाठी फेरिटिन केलं, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, आलं ८, फारच कमी. पाळीला अंगावरून जास्त जात होतं, दोन वर्षं, मी कधी विचारलं नव्हतं. सोनोग्राफीत छोटासा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ. लोह कमी असलं की नुसत्या त्यानं पण पल्स वाढते, आणि इथं मी सहा महिने गोळीनं ती दाबून ठेवून बसलो होतो. आता धडधडीतला किती हिस्सा व्हायरलचा आणि किती लोहाचा ते वेगळं काढायचा माझ्याकडे काही मार्ग नव्हता, पण एक गोष्ट हातातली होती ती आधी करायची ठरवलं. लोहाची गोळी एक दिवसाआड, रोज घेण्यापेक्षा अशी बरी पचते, चहाच्या आगेमागे तासभर नाही. पाळीसाठी गायनॅकनं वेगळं औषध दिलं. पाणी दिवसाला अडीच लिटर, दुपारच्या डब्यासोबत मीठ घातलेलं ताक, बाईंना बीपी किंवा किडनीचं काही नाही म्हणून मीठ वाढवता आलं, सरसकट कुणी वाढवू नये. व्यायाम मुद्दाम आडव्या स्थितीतले, पाठीवर झोपून सायकल चालवल्यासारखे पाय, भिंतीला पाय लावून उचलणं, कारण उभ्यानं चालायला लावलं की असे पेशंट पहिल्या दोन दिवसांत गळपटतात आणि मग व्यायामाचं नावच काढत नाहीत.

कार्डिओलॉजिस्टशी फोनवर बोललो. ते म्हणाले बंद करायला हरकत नाही, पण तुम्ही कशावरून ठरवणार? इथं मी जरा अडखळलो. मी म्हणणार होतो की चढ चढता येतोय, पस्तीस मिनिटांचा तास उभ्यानं घेता येतोय, गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर घेरी येत नाही. पण हे सगळं पण गोळीच्या आधारानंच चाललेलं असू शकतं ना. गोळीवर असताना गोळीशिवायची तब्येत कळायची सोयच नाही. मग दोघांनी मिळून प्रश्नच बदलला. बाई बऱ्या झाल्यात का, हे विचारायचंच नाही. बंद करून बघणं आत्ता सुरक्षित आहे का, आणि बघायचं तर ते निकाल नीट वाचता येईल अशा पद्धतीनं कसं बघायचं, एवढंच ठरवायचं. फसलं तर परत चालू करायची, त्यात हार काही नाही.

सुरक्षित आहे का, याचं उत्तर सोपं निघालं. इको नॉर्मल, दुसऱ्यांदा केला तोही नॉर्मल, लय कधी बिघडलेली नाही, ब्लॉकेज नाही, थायरॉइड ठीक. गोळी फक्त त्रास कमी करायला होती, जीव वाचवायला नव्हती. वेळ कुठली, यावर मात्र घरात बरीच चर्चा झाली. उन्हाळा नको, घामानं पाणी जातं आणि पल्स तशीच वाढते. श्रावण भाद्रपदात उपास आणि गौरी-गणपती. दिवाळीत तर बाईमाणसाला बसायला मिळत नाही, सुट्टी असली तरी. शेवटी दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२२ चा तिसरा आठवडा, थंडी पडायला लागलेली, परीक्षा लांब, मागचे दोन महिने एकही ताप नाही. हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन ३८.

५० वरून २५, दोन आठवडे. मग साडेबारा, म्हणजे २५ च्या गोळीचा मधल्या रेघेवर अर्धा तुकडा, चावायचा नाही चुरायचा नाही, कुटली तर हळूहळू सुटायची सोय मोडते. तेही दोन आठवडे. मग बंद. मोजायचं दिवसातून एकदाच, सकाळी गोळीच्या आधी, अंथरुणात पाच मिनिटं आणि मग उभं राहून दहाव्या मिनिटाला. पोरानं दिवाळीला हौसेनं स्मार्टवॉच दिलेलं ते कपाटात ठेवायला लावलं, पोरगा नाराज झाला, पण मनगटावर दर मिनिटाला पल्स दिसत असेल तर माणूस ती वाढवतोच. वहीत वर मी लिहून दिलं की पूर्ण बंद झाल्यावर पहिले दहा दिवस आकडे फक्त लिहायचे, त्यावरून काही ठरवायचं नाही. अपवाद तीनच: चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, किंवा स्वस्थ पडून पण अर्धा तास पल्स १२० च्या वर. यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, सरळ फोन आणि दवाखाना.

५० वर होत्या तेव्हा झोपून ६६ आणि उभं राहून ८४. २५ वर ७० आणि ९०. साडेबारावर ७४, ९८.

इथपर्यंत ठीक चाललेलं आणि मधेच वेगळाच घोळ. बाईंचे सासरे अण्णा, ७१ वर्षांचे, २०१९ मध्ये हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली, ते पण मेटोप्रोलोल ५० च घेतात, त्याच कंपनीची, तीच स्ट्रिप. घरात रोज गोळी कमी करण्याचं बोलणं चाललेलं, अण्णांनी ऐकलं आणि कुणाला न सांगता त्यांची पण बंद केली. म्हणाले सुनेला डॉक्टरांनीच सोडायला सांगितली म्हणजे ती गोळी वाईटच असणार. चौथ्या दिवशी रानात जाताना छाती भरून आली, घरी येऊन गप्प बसले, सासूबाईंनी ओळखलं. ताबडतोब कऱ्हाडला नेलं, नशिबानं ईसीजी आणि ट्रोपोनिन ठीक, गोळी परत चालू, दोन दिवस ठेवून घेतलं. अण्णांची गोळी हृदयावरचा ताण कमी ठेवायला होती. ज्यांच्या रक्तवाहिन्यांत आधीच ब्लॉकेज आहे त्यांनी ती अशी एकदम तोडली तर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा अटॅक येऊ शकतो. मी बाईंना सगळं समजावलं होतं, घरात तीच गोळी खाणारा आणखी एक माणूस आहे हे माहिती असून त्यांना बोलावलं नाही. चुका दोन म्हणालो होतो, ही तिसरी धरा. आता दोघांच्या डब्यांवर बाईंनी स्केचपेननं मोठ्या अक्षरांत नाव आणि कशासाठी ते लिहिलंय.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाईंची गोळी पूर्ण बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी ८८ आणि ११८, फोन आला, आवाजावरूनच कळलं की मे महिन्याची रात्र आठवतेय. मी विचारलं बाई, पडलात का, दुखतंय का, पडून १२० च्या वर आहे का, तिन्हीला नाही. म्हणलं मग वहीत लिहा आणि शाळेत जा. म्हणाल्या, डॉक्टर तुम्हाला बोलायला काय जातंय. बरोबर होतं ते. पण गेल्या शाळेत, चढ तीन थांब्यांत.

सहाव्या दिवशी ८२, ११०. नंतर अकराव्या दिवशी एकदम ९४ आणि ११६, शिवाय हात थरथरतायत. दहा दिवस उलटून गेलेले, आता आकडा मोजावा लागणार, मला पण वाटलं की फसलं बहुतेक. संध्याकाळी बोलावलं तर बोलताना खोकल्या. खोकला कधीपासून? तीन दिवस, आणि मेडिकलमधून सिरप आणलंय. बाटली मागवली, मागं टर्ब्युटालिन. दम्याच्या औषधाच्या घरातलं, हमखास पल्स वाढवणारं आणि हात थरथरवणारं. सिरप थांबवलं, मध-आलं आणि वाफ. दोन दिवसांत परत खाली. हे जर विचारलं नसतं तर त्याच दिवशी गोळी परत चालू झाली असती, आणि मग ती सोडवणं कुणालाच जमलं नसतं, कारण दोनदा फसलं म्हणल्यावर तिसऱ्यांदा कोण तयार होतंय.

चौदाव्या दिवशी ७६ आणि ९९. सहा आठवड्यांनी माझ्यासमोर दवाखान्यात, तीच भिंत, झोपून ७४, दहाव्या मिनिटाला ९४. वीसचा फरक. मग मोजणं बंद करायला सांगितलं, ते त्यांना गोळी सोडण्यापेक्षा अवघड गेलं. सवयीनं दोन महिने चोरून मोजत होत्या असं मिस्टरांनी नंतर सांगितलं.

पूर्वीसारखं सगळं झालं का, तर नाही. चढावर अजून एकदा थांबतात. मे मध्ये लग्नात मांडवात उभं राहायला लागलं की खुर्ची शोधतात. त्रास सोसवण्याइतका आहे आणि त्यासाठी रोजची गोळी नको, हे त्यांनी ठरवलं, मी नाही. उद्या त्यांनी उलटं ठरवलं असतं, म्हणजे एवढं पण नको, गोळी द्या, तरी मी दिली असती.

मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूची साथ होती तेव्हा त्यांना परत ताप आला, चार दिवस, आणि नंतर पल्स पुन्हा वर, उभं राहून ११५ पर्यंत. विचारायला आल्या, गोळी चालू करू का. फेरिटिन बघितलं, ठीक होतं, ईसीजी काढला, तोही ठीक. म्हणलं पाणी, ताक, आडवे व्यायाम, आठवडाभर शाळेत खुर्चीवर बसून तास घ्या, तीन आठवड्यांनी या, मधे काही वाटलं तर आधी या. अठराव्या दिवशीच आल्या, उभ्यानं ९६. पर्स उघडून पैसे काढताना ती जुनी स्ट्रिप दिसली, सगळ्या गोळ्या तशाच. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. म्हणाल्या, राहू दे हो डॉक्टर. म्हणलं राहू दे, फक्त अण्णांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.